पहाटेचा काकडा आणि आपोआप उभा राहणारा जॅक सर्व्हर

आमच्या गावचा काकडा २९ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सुरू झाला आणि २७ नोव्हेंबरला, कार्तिक पौर्णिमेला संपला. तीस पहाटांपैकी अठ्ठावीस पहाटांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. ते करताना मी एकदाही खोलीत नव्हते. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, कुलूप उघडून एक बटन, मग टिकल्या लावलेल्या तीन कळा दाबायचे आणि बाकीचं मशीन करायचं. इथवर यायला मला दोन महिने लागले. ज्यांच्या गावच्या मंडळाला असं काही करायचं आहे त्यांना माझ्याइतकं चाचपडावं लागू नये, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. गावात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कॉम्प्युटरची सवय आहे, पण आवाजाच्या कामाची काहीच नव्हती. मामाजी एकाहत्तर वर्षांचे. राष्ट्रसंतांची भजनं खंजिरीवर म्हणायला ते लहानपणी शिकले. काकड्यातल्या गौळणी आणि भूपाळ्यांच्या काही चाली आता गावात फक्त त्यांनाच येतात. त्यांच्यासोबत म्हणणारे एकेक करून गेले. त्याच्या आदल्या वर्षी मी फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. खंजिरीची प्रत्येक थाप फाटून येत होती आणि मागे शब्द ऐकूच येत नव्हते.

२७ ऑगस्टला, रविवारी, भजनी मंडळाची बैठक झाली. खर्च करायचा तर ठराव हवा आणि तीन दुकानांची दरपत्रकं हवीत, असं कोषाध्यक्षांनी सांगितलं. बरोबरच होतं, पैसा वर्गणीचा आहे. एक दरपत्रक दर्यापूरहून आणलं, दोन अमरावतीहून. मंदिराच्या सभागृहाला लागून असलेली खोली ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, त्यामुळे वापरासाठी अर्ज दिला. ग्रामसेवकांकडे दोन गावं असल्याने ते ठरावीक वारीच येतात. किल्ली हातात पडायला ८ सप्टेंबर उजाडला. अर्जाची पोच घेऊन ठेवा, पुढे वीजजोडणीच्या वेळी तीच कामी आली.

आणखी एक गोष्ट बैठकीत स्पष्ट करून घेतली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बाहेर लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणून पहाटे भोंगा बंद आणि फक्त सभागृहाच्या आत दोन छोटे बॉक्स, तेही हळू आवाजात, असं ठरलं आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. पुढे कोणी विचारलं तर कागद दाखवता येतो.

११ सप्टेंबरला एसटीने अमरावतीला गेले. बायांना आता अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोन-तीन चकरा जड गेल्या नाहीत. जुना डेस्कटॉप ९,५०० रुपये, दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस ४,२००, दोन माइक ३,२००, यूपीएस ३,१००, वायरी आणि स्टँड १,४००. गावात आल्यावर अर्थिंगचा खड्डा, कोळसा आणि मीठ धरून, ७००. एकूण २२,१००. मंडळाने १५,००० दिले, उरलेले मी आणि भजनातल्या दोघांनी घातले. अर्थिंगला टाळाटाळ करू नका. खड्डा करण्याआधी बॉक्समधून सतत घूंऽऽ असा आवाज येत होता, तो त्याच संध्याकाळी गेला.

मशीनवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. आवाजासाठी जॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जॅक हा सर्व्हर आहे. तो साउंड कार्ड आपल्या ताब्यात घेतो आणि वेगवेगळ्या प्रोग्रामांमध्ये आवाजाच्या तारा जोडायची सोय करतो. आमच्याकडे माइकचा आवाज कार्ला नावाच्या, आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्राममध्ये जातो, तिथे इक्वलायझर लागतो आणि तो बॉक्सकडे निघतो. तोच आवाज आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड होतो. हे प्रोग्राम एकत्र उघडणं, त्यांची जुनी अवस्था परत आणणं, हे काम सेशन मॅनेजरचं. मी न्यू सेशन मॅनेजर घेतला. त्याच्यासोबत जॅकपॅच नावाचा छोटा प्रोग्राम येतो, तो तारांची जोडणी लक्षात ठेवतो.

हाताने सगळं सुरू केलं की छान चालायचं. गणपती बसले त्या दिवशी, १९ सप्टेंबरला, आरतीचं पहिलं रेकॉर्डिंग केलं. खंजिरी स्वच्छ आली. पण क्यूजॅककंट्रोल, म्हणजे जॅक सुरू-बंद करायचा प्रोग्राम, उघडा, स्टार्ट दाबा, थांबा, सेशन मॅनेजर उघडा, सेशन निवडा, एवढं पहाटे साडेचारला मामाजींना जमणारं नव्हतं. आणि मला त्या वेळी पोराचा डबा, पाणी, सगळंच असतं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "बाई, हे मशीन तू असली का बोलते, मी असलो का मुकं होते." त्या वाक्याने मी ठरवलं की मशीनने बटनापलीकडे माणसाकडून काहीच मागायचं नाही.

२४ सप्टेंबरला पहिला प्रयत्न केला. क्यूजॅककंट्रोलच्या सेटिंगमध्ये, प्रोग्राम उघडताच सर्व्हर सुरू करा, अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली, प्रोग्राम एक्सएफसीईच्या 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये टाकला. लॉगिनची खिडकी दाखवणाऱ्या लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये पासवर्ड न विचारता आपोआप लॉगिन होईल असं केलं. रीस्टार्ट केलं, चाललं. दुसऱ्यांदा केलं, चाललं. मी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन मुकंच.

कारण शोधायला चार दिवस गेले. साउंड कार्डाला लिनक्स नंबर देतं, शून्य, एक असे. मदरबोर्डचं कार्ड आणि यूएसबीचं कार्ड, यांतलं जे आधी सापडेल त्याला शून्य मिळतो, आणि हा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नसते. मी सेटिंगमध्ये नंबर लिहिला होता. नंबराऐवजी कार्डाचं नाव लिहायचं. 'प्रॉक' फोल्डरातल्या 'एसाउंड'मध्ये 'कार्ड्स' नावाची फाइल असते, तिच्यात चौकटी कंसात ते नाव दिसतं. आमच्या इंटरफेसचं नाव तिथे 'कोडेक' असं आहे. ते टाकल्यापासून नंबराचा त्रास संपला. ज्यांना या लेखातून एकच गोष्ट घ्यायची आहे त्यांनी ही घ्यावी.

मग दिसलं की कधीकधी जॅक सुरूच होत नाही, कार्ड दुसऱ्याने धरलंय असं सांगतो. तो दुसरा म्हणजे पल्स ऑडिओ, डेस्कटॉपचा नेहमीचा आवाज सांभाळणारा. पल्सच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' पानावर यूएसबी कार्डाचं प्रोफाइल 'ऑफ' केलं. पल्सला मदरबोर्डचं कार्ड, जॅकला यूएसबीचं, अशी वाटणी झाली. ज्यांच्याकडे नव्या मांडणीत पल्सच्या जागी पाइपवायर आहे तिथे जॅकचं काम पाइपवायर स्वतःच करू शकतं, त्यामुळे त्यांचा रस्ता वेगळा असेल.

याच आठवड्यात आवाजात टकटक यायला लागली, मध्येच खंड पडायचा. याला एक्सरन म्हणतात. दोष माझ्या एका उत्तराचा होता. डेबियनवर जॅक टाकताना, रिअलटाइम प्राधान्य द्यायचं का, असा प्रश्न येतो आणि त्यात मशीन अडकू शकतं असा इशाराही असतो. तो वाचून घाबरून मी 'नाही' म्हटलं होतं. पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून 'हो' म्हटलं, आमचा युजर 'ऑडिओ' गटात घातला आणि मशीन रीस्टार्ट केलं. गट बदलला की नुसता प्रोग्राम बंद करून उघडणं पुरत नाही, नव्याने लॉगिन व्हावं लागतं. हे माहीत नसल्याने एक अख्खी संध्याकाळ मी आपलंच चुकतंय असं समजून बसले होते.

बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी थोडा साठवायची जागा, किती ठेवायचा, हे मात्र मामाजींच्या कानाने ठरवलं. सुरुवातीला सुरक्षित म्हणून १०२४ नमुन्यांचा पिरियड (आवाजाचा एक तुकडा), असे तीन बफर, सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा दर ठेवला. हिशेब केला तर ६४ मिलिसेकंद. म्हणजे माइकवर पडलेली थाप बॉक्समधून तेवढी उशिरा येणार. मी काही सांगितलं नव्हतं. मामाजींनी दोन ओळी म्हटल्या, खंजिरी मांडीवर ठेवली आणि मागे वळून पाहिलं. "माह्या मांगून कोनी दुसरा खंजिरी वाजवून रायला का?" १२८ केल्यावर उशीर ८ मिलिसेकंदांवर आला, पण आमच्या जुन्या मशीनला ते झेपेना, एक्सरन परत आले. २५६ वर १६ मिलिसेकंद. त्यांनी डोळे मिटून पूर्ण भूपाळी म्हटली आणि मागे पाहिलं नाही. तोच आकडा आजवर आहे.

१ ऑक्टोबर आला. कापसाची वेचणी सुरू व्हायची होती, दुकानात फॉर्मांची गर्दी होती, आणि अजूनही दहापैकी तीन वेळा मशीन अर्धवट उभं राहायचं. जॅक चालू, पण आर्डर 'ऑडिओ-मिडी सेटअप'ची खिडकी उघडून कोणीतरी क्लिक करेल म्हणून थांबलेलं. कधी उलटं, सगळं उघडलेलं पण तारा जोडलेल्या नाहीत. या टप्प्यावर मी सोडून द्यायला आले होते. रात्री जेवणं झाल्यावर खोलीत जायचं, पंचवीस वेळा रीस्टार्ट करायचं आणि वहीत चूक की बरोबर लिहायचं. खोलीत बसून एकटीला रडूही आलं एकदा. शेवटी दुकानातल्या प्रिंटरवर जॅक, सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणारा) आणि सेशन मॅनेजर या तिन्हींची मॅन्युअल पानं छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. स्क्रीनवर जे डोळ्यांखालून निसटत होतं ते कागदावर सापडलं.

सुरू होणं आणि तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॅकचा प्रोग्राम सुरू झाला म्हणजे सर्व्हर तयार झाला असं नाही, कार्ड उघडायला त्याला थोडा वेळ लागतो. माझा सेशन मॅनेजर तेवढ्यात पुढे धावायचा. आणि आणखी गुंता म्हणजे, जॅक सापडला नाही की प्रोग्राम स्वतःच एक सर्व्हर उभा करू शकतो. त्यासाठी तो घरच्या फोल्डरातली 'जॅकडीआरसी' नावाची लपलेली फाइल वाचतो. त्या फाइलमध्ये क्यूजॅककंट्रोलने लिहिलेली माझी जुनी सेटिंग होती, जुना नंबर आणि जुना बफर! म्हणजे कधी माझा सर्व्हर जिंकायचा, कधी तो.

मग मांडणी बदलली. क्यूजॅककंट्रोल सुरुवातीच्या यादीतून काढलं. जॅकसाठी सिस्टमडीची युजर सर्व्हिस लिहिली, सात-आठ ओळींची फाइल, तिच्यात कार्डाचं नाव, दर, पिरियड, बफर. ती 'एनेबल' केली, म्हणजे आपोआप सुरू होईल अशी. जॅकडीआरसी फाइल हटवली आणि 'जॅक नो स्टार्ट सर्व्हर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं, म्हणजे दुसऱ्या कोणी सर्व्हर उभा करायचाच नाही.

सर्व्हिस पडली तर पुन्हा सुरू व्हावी म्हणून 'रीस्टार्ट ऑन फेल्युअर' लिहिलं होतं. तरी यूएसबी कार्ड जागं व्हायला उशीर झाला की सर्व्हिस कायमची बंद पडायची. लॉगमध्ये कारण होतं: सिस्टमडी एका दमात, सेकंदाच्या दहाव्या भागाने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि दहा सेकंदांत पाच वेळा फसलं की थांबतो. दोन प्रयत्नांत तीन सेकंदांचं अंतर ठेवलं, मग ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि कार्डालाही वेळ मिळतो. हे कळलं ते लॉग दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल'ला 'युजर' असं सांगून आमच्या सर्व्हिसचा लॉग वाचल्यामुळे. अंदाज बांधत बसण्यापेक्षा लॉग आधी वाचा. मी तो दहा दिवस उशिरा वाचला.

सेशन मॅनेजरचीही सर्व्हिसच करायला गेले, पण आर्डर आणि कार्लाला खिडक्या असतात. डेस्कटॉप उभा राहायच्या आधी सर्व्हिस सुरू झाली तर त्यांना स्क्रीन कुठे आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून ते काम एक्सएफसीईच्या सुरुवातीच्या यादीतच ठेवलं, एका छोट्या स्क्रिप्टमधून. स्क्रिप्ट पहिल्यांदा 'जॅक वेट' चालवते. सर्व्हर खरोखर तयार होईपर्यंत तो तिथेच थांबतो, आणि मी त्याला तीस सेकंदांची मुदत दिली आहे. तयार झाला की मगच सेशन मॅनेजरचा सर्व्हर उघडतो, आणि त्याला सेशनचं नाव आधीच दिलेलं असल्याने निवडायला काही उरत नाही.

८ ऑक्टोबरच्या रात्री वहीत सलग वीस बरोबरच्या खुणा झाल्या. मी मशीन बंद केलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

पण मामाजींना कसं कळणार की आता म्हणायला सुरुवात करायची? स्क्रीनवर त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत. माझ्या मुलाचा आवाज फोनवर घेतला, "आबाजी, चालू करा", आणि तो स्क्रिप्टच्या अगदी शेवटी ठेवला. तो मदरबोर्डच्या कार्डावरून, पल्समार्फत वाजतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या तारांत जात नाही. रेकॉर्ड सुरू करायला आर्डरमध्ये शिफ्ट-आर आणि मग स्पेसबार दाबावा लागतो. त्या तीन कळांवर मी माझ्या पाकिटातल्या लाल टिकल्या चिकटवल्या: शिफ्टवर मोठी, आरवर मोठी, स्पेसबारवर छोटी. मोठ्या दोन सोबत, मग छोटी. थांबवायला पुन्हा छोटी. दोन दिवसांत त्यांचा हात बसला.

लाइनचा प्रश्न उरला होता. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, अशी सोय असते की लाइन परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं. मी ती आधी चालू केली. पण आमच्याकडे लाइन येताना कधी तीन-तीनदा येते-जाते, मशीनही तेवढ्यांदा उठायचं आणि पडायचं. डिस्कच्या काळजीने ती बंद केली. बटन माणसानेच दाबावं आणि पंधरा-वीस मिनिटं लाइन गेली तर ते यूपीएसने झेलावं, असं ठरवलं.

२८ ऑक्टोबरला कोजागिरी. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं, ते अडीचच्या आत सुटलं. मंडळींनी आंघोळी केल्या, मंदिर धुतलं आणि पावणेपाचला पहिला काकडा सुरू झाला. आमचं घर मंदिराच्या मागेच आहे. मी चुलीपाशी होते. भिंतीपलीकडून पोराचा आवाज आला, मग क्षणभर शांतता, मग खंजिरी. दूध उतू गेलं, मला कळलं नाही.

दोन पहाटा हुकल्या त्याही सांगते. ४ नोव्हेंबरला भजन चालू असताना लाइन गेली आणि यूपीएस एका मिनिटात बसला. बॅटरी आधीपासूनच कमजोर होती. दुकानदाराने बिल पाहून ती बदलून दिली, पण त्यासाठी पुन्हा अमरावती. यूपीएस घेतल्या दिवशीच लोड लावून, प्लग काढून, घड्याळ लावून पाहायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मशीन नीट उठलं, पण आर्डरने उघडताच विचारलं की मागचं रेकॉर्डिंग मध्येच तुटलेलं दिसतं, ते वाचवायचं की सोडायचं. हा प्रश्न माणसालाच विचारायचा असतो, तो स्क्रिप्टने टाळणं मला बरं वाटलं नाही. मामाजी त्या खिडकीसमोर थांबून राहिले आणि वेळ झाली म्हणून तसेच म्हणायला गेले. आता मॉनिटरच्या कडेला मी मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी लावली आहे: मध्येच खिडकी आली तर 'रिकव्हर'. त्या शब्दाचं इंग्रजी रूप खाली चित्रासारखं काढून दिलंय.

डिस्कची जागा रोज बघा. आर्डर मुळातच ३२ बिटमध्ये लिहितं. दोन ट्रॅक, ४८,००० चा दर, म्हणजे तासाला सुमारे १.४ जीबी. मी दर रविवारी फाइली बाहेरच्या डिस्कवर घेते आणि त्याची एक प्रत दुकानातल्या मशीनवर ठेवते. प्रत्येक फाइलला तारीख आणि म्हटलेल्या चालींची नावं देते. नावं मामाजी सांगतात, मी टाइप करते.

२७ तारखेला काकडा संपला, पालखी झाली, काला झाला. मंडळाला हिशेब दिला, बिलं जोडली, वहीवर सह्या घेतल्या. मशीनला आता वर्षभर विश्रांती, असं मला वाटलं होतं.

२८ ला पहाटे पाचला भिंतीपलीकडून आवाज आला, "आबाजी, चालू करा." मी अंगणातून जाऊन पाहिलं. सभागृह रिकामं होतं, एक दिवा लागलेला, आणि मामाजी माइकसमोर एकटेच बसले होते. ते एक गौळण म्हणत होते, जी मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकली नव्हती. मी दारातच थांबले. म्हणून झाल्यावर त्यांनी छोटी टिकली दाबली आणि मला पाहून म्हणाले, "अशा अजून नऊ हायेत बाई. काकड्यात म्हनायच्या रायल्या."

आजपर्यंत चार झाल्या आहेत.